आसारी: विणकराच्या हातातून आभाळात

मनमाडहून दौंडच्या दिशेने गाडी निघाली की अंकाई-टंकाईची किल्ल्यांची जोडी मागे पडते आणि येवला येतं. १८७८ साली सुरू झालेल्या या लोहमार्गावरचं हे गाव जगाला पैठणीमुळे माहीत आहे. आम्हा मनमाडकरांसाठी मात्र येवला म्हणजे संक्रांत. भोगी, संक्रांत, कर असे तीन दिवस सगळं गाव गच्चीवर असतं. इतर गावांत हातात फिरकी दिसते, येवल्यात आसारी.

आसारी म्हणजे मधला दांडा आणि त्याभोवती बांबूच्या कामट्यांचा पोकळ पिंजरा. गिअर नाही, ब्रेक नाही. पतंगाने ओढ घेतली की ती गरागरा फिरते, आणि थांबवायला फक्त आपला हात. पैठणीच्या कामात रेशीम गुंडाळायच्या साधनालाही आसारीच म्हणतात. माझा तर्क असा की विणकरांच्या गावाने घरातलंच अवजार उचललं आणि गच्चीवर नेलं.

हा तर्क मला पटतो, कारण दुसरीकडेही असंच घडलंय. इंग्लंडमधलं नॉटिंगहॅम हे लेस विणणारं शहर. मासेमारीचं 'सेंटरपिन' रीळ तिथेच वाढलं: एका खिळ्यावर मोकळं फिरणारं लाकडी चाक, ब्रेक म्हणजे अंगठा. १८९६ च्या सुमारास हेन्री कॉक्सनच्या कल्पनेतून 'एरियल' रीळ आलं. त्यात भरीव लाकडाऐवजी सायकलच्या चाकासारखे तारांचे आरे होते. थोडक्यात, तिकडची आसारीच. पुढे १९०५ मध्ये ब्रॅडफर्डच्या लोकरी कापड धंद्यातल्या इलिंगवर्थने उलटा विचार केला. रीळ स्थिरच ठेवायचं आणि दोर त्याच्या टोकावरून सुटू द्यायचा, सूतगिरणीतल्या बॉबिनसारखा. आज जगभर बहुतेक गळवाले तसलंच रीळ वापरतात.

मग मोकळ्या फिरणाऱ्या रिळाचे चाहते अजून का आहेत? कारण दोराच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय ते बोटांना थेट कळतं. पण त्यासाठी दोर नीट निवडावा आणि नीट भरावा लागतो.

गणित सोपं आहे. पिंजऱ्याचा व्यास २० सेंमी धरला तर एका फेऱ्यात सुमारे ६३ सेंमी दोरा गुंडाळला जातो. १० सेंमीच्या रिळावर त्याच्या निम्मा. म्हणजे रीळ मोठं असलेलं बरं. पण वजन मध्यापासून जितकं लांब, तितकं रीळ फिरायला आणि थांबायला जड. म्हणून पिंजरा पोकळ, आणि म्हणूनच वर गरजेपेक्षा जास्त दोरा नको.

भरायची रीतही दोन्हीकडे सारखीच. सेंटरपिनवर आधी तळाला साधा दोर, वर कामाचा. पतंगवालेही आधी साधा दोरा गुंडाळतात आणि पेचाच्या कामाचा मांजा शेवटी, म्हणजे तो पतंगाकडे येतो. नव्या दोऱ्याचं बंडल काडीवर फिरतं ठेवायचं. टोकाकडून ओढला तर दर फेऱ्याला एक पीळ चढतो आणि ढील देताना गुंता होतो. सैल भरला तर वरचा दोरा खालच्या थरात रुततो.

आता मुद्द्याची गोष्ट, नायलॉन. ड्यू पाँट कंपनीने १९३८ मध्ये ते जाहीर केलं आणि गळवाल्यांचा मोठा त्रास संपवला. त्याआधीचा रेशमी दोर वापरल्यावर दर वेळी सोडवून वाळवावा लागे, नाहीतर कुजे. पण नायलॉन ताणलं की लांबतं. ताणून भरलं की आकसायला बघतं, आणि शेकडो वेढ्यांचा तो दाब रीळसुद्धा फोडू शकतो. पाण्यात हा दोष सांभाळून घेता येतो.

आभाळात नाही. सुती मांजालाही काचेची पूड असते, त्यानेही बोटं कापतात. पण जोराचा झटका बसला की तो तुटतो. नायलॉन सहजी तुटत नाही. तुटण्याआधी समोर येईल ते कापतं. झाडावर लटकलेला सुती तुकडा कालांतराने कुजतो, नायलॉन तसंच राहतं आणि पक्षी अडकत राहतात. नाशिकमध्ये दुचाकीवरून जाणाऱ्या माणसांचे गळे चिरून मृत्यू झालेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये या मांजावर देशभर बंदी घातली. तरी तो दर जानेवारीत कुठूनतरी मिळतोच.

इंजिनिअर म्हणून मला सुती दोऱ्याचं तुटणं हा दोष वाटत नाही. घरातल्या फ्यूजची तारही त्यासाठीच असते, आपण वितळून घर वाचवायला. पेचात तुमची पतंग गुल झाली तर दहा रुपये गेले. खालच्या रस्त्यावरून कोण चाललंय हे गच्चीवरून दिसत नाही आणि आसारीवरच्या बोटांनाही कळत नाही. म्हणून तो निर्णय दोरा भरतानाच घ्यावा लागतो.