कोरमंगलातला गाळ आणि बुजलेली तळी

बंगळूरच्या कोरमंगलात चौथ्या ब्लॉकलगत एस. टी. बेड लेआउट नावाची वसाहत आहे. रात्री तासभर धो धो पाऊस झाला की सकाळी इथे तळघरांतले पंप घरघरू लागतात. पाणी ओसरल्यावर फरशीवर उरतो तो लोण्यासारखा मऊ, तांबूस-काळा थर. नावातले एस. टी. म्हणजे श्रीनिवागिलु टँक. एका जुन्या तळ्याच्या तळावर प्लॉट पाडले गेले आणि गाळ मात्र आपल्या जुन्या पत्त्यावर येत राहिला.

बंगळूरला मोठी नदी नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरचे हे शहर दोन खोऱ्यांमधल्या कण्यावर बसले आहे. पश्चिमेचे पाणी वृषभावतीतून अर्कावतीला आणि तिथून कावेरीला मिळते. पूर्वेकडे उतरणाऱ्या पाण्याचा मोठा हिस्सा कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातून बेळ्ळंदूर आणि वर्तूर ही तळी ओलांडून दक्षिण पिनाकिनीला जातो. ती नदी तमिळनाडू पार करून कडलूरजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. मॅजेस्टिककडून शांतीनगर, कोरमंगला करत बेळ्ळंदूरला जाणारा मोठा नाला, म्हणजे इथला ‘राजकालुवे’, हा त्या नदीच्या माथ्याकडचाच एक प्रवाह आहे.

या प्रवाहाला माती पुरवली ती खडकाने. लालबागेतल्या टेकडीवर चढले की पायाखाली सुमारे 300 कोटी वर्षांपूर्वीचा नाइस खडक असतो. ऊन-पावसात त्यातले फेल्डस्पार कुजून चिकणमाती होते, क्वार्ट्झची वाळू मागे राहते आणि लोह गंजून साऱ्या मातीला तांबडा रंग चढतो. उतारावरचे पाणी हा माल उचलते. त्याची ताकद वेगावर अवलंबून असते आणि ती विलक्षण झपाट्याने वाढते. जुन्या ठोकताळ्यानुसार वेग दुप्पट झाला तर पाण्याला ढकलता येणाऱ्या दगडाचे वजन 64 पट होते. म्हणूनच वर्षभराचे काम ओढे दोन-चार मुसळधार पावसांत उरकतात. वेग मंदावला की आधी गोटे बसतात, मग वाळू. चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की ते तळाशी बसायला जवळजवळ उभे पाणी लागते.

असे उभे पाणी या पठारावर माणसांनी घडवले. कोरमंगलाशेजारच्या आगरा गावात नवव्या शतकातला एक शिलालेख आहे. त्यात तळ्यांना मोऱ्या बसवल्याची आणि नवे तळे बांधल्याची नोंद आहे. केंपेगौडाने 1537 च्या सुमारास बंगळूर वसवले. त्याच्या घराण्याने धर्मांबुधी आणि संपंगी यांसारखी तळी बांधली. पुढे 1638 मध्ये विजापूरकरांनी शहर जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. मराठी वाचकाला बंगळूर आठवते ते बहुधा या संदर्भात. पण राजे बदलत असताना गावागावांतली तळ्यांची साखळी चालूच होती. वरच्या तळ्याच्या सांडव्यावरून उतरलेले पाणी खालच्या तळ्यात जाई आणि प्रत्येक तळे आपल्या वाट्याचा गाळ ठेवून घेई.

मोरी कधी उघडायची आणि कोणाच्या शेताला किती पाणी सोडायचे, हे ‘नीरगंटी’ पाही. उन्हाळ्यात तळे आटले की शेतकरी गाड्या जुंपून तळाशी उतरत. पाणी आत शिरते त्या तोंडाशी भरड वाळू साठलेली असे, तर बांधाकडे मऊ पोयटा. पोयटा शेतात जाई आणि विटा-मडक्यांनाही गाळाचीच माती लागे. शिवारातून वाहून आलेली माती अशी पुन्हा शिवारात पोचे आणि पावसाळ्यापूर्वी तळे खोलही होई. महाराष्ट्र सरकारने 2017 मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली, तिच्यामागे हाच शहाणपणा आहे.

बंगळूरमध्ये हा क्रम तुटला. नळाचे पाणी आले, शेते घरांखाली गेली, गाळाला मागणी उरली नाही. मग उथळ झालेले तळे सरकारी कागदावर रिकामी जमीन दिसू लागले. धर्मांबुधीवर बसस्थानक झाले, संपंगीवर कंठीरवा स्टेडियम, चल्लघट्टावर गोल्फचे मैदान. 1980 च्या दशकात एन. लक्ष्मण राव समितीने उरलेली तळी जपण्याची शिफारस केली होती. तरीही 1997 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी खेळाडूंचे गाव उभारले गेले ते कोरमंगलाच्याच तळ्यावर. हा निर्णय अडाणीपणातून झाला असे म्हणता येणार नाही, आणि म्हणूनच तो अधिक खुपतो.

वरची तळी बुजली तरी माती वाहायची थांबली नाही. बांधकामांवर उघडी पडलेली माती, राडारोडा, प्लास्टिक आणि सांडपाणी हे सारे सिमेंटच्या सरळ भिंतींमधून वेगाने पुढे निघाले. वाटेत गाळ अडवणारे फारसे कोणी उरले नव्हते. सुमारे 900 एकरांच्या बेळ्ळंदूर तळ्यात पाणी पोचले, मंदावले आणि सगळे तिथे बसले. शेताला हवाहवासा वाटणारा पोयटा आता डिटर्जंट आणि मैल्याने बाटला होता. मोठ्या पावसात तो ढवळला की फेसाचे ढीग रस्त्यावर येत. फेब्रुवारी 2017 मध्ये तर तळ्याला आग लागली. राष्ट्रीय हरित लवादाने लक्ष घातल्यावर पाणी वळवून बेळ्ळंदूरचा गाळ यंत्रांनी उपसायला सुरुवात झाली.

हा उपसा गरजेचाच आहे, पण एकदा करून संपणारे हे काम नाही. नीरगंटी आणि शेतकरी ते दर उन्हाळ्यात करत होते. आता शहराच्या यंत्रणांना ते दरवर्षी करावे लागेल. नोकरीसाठी बंगळूरला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी कोरमंगला परिसरात घर घेण्याआधी त्या जागेवरच्या मूळ गावाचा जुना महसुली नकाशा जरूर पाहावा. प्लॉटच्या जागी ‘केरे’ म्हणजे तळे किंवा ‘राजकालुवे’ दाखवलेला असेल, तर दुसरे घर शोधावे.