बोंडापासून सदऱ्यापर्यंत



मागच्या वर्षी आमच्या गटानं गणवेशाचं काम घेतलं. कापड व्यापाऱ्याकडून उधारीवर, दोरा-बटणं तालुक्याच्या दुकानातून. रात्री जागून शिवलं. हिशेब मांडला, तर आमच्या वाट्याला फक्त शिलाई उरली होती. एक मावशी म्हणाल्या, "ताई, आपण नेमकं कुणासाठी शिवलं गं?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून आज एक खरा इतिहास सांगते.

ब्राझीलच्या दक्षिणेला पोर्तो अलेग्रे नावाचं शहर आहे. तिथल्या एका गरीब वस्तीतल्या बायकांनी 1996 मध्ये शिवणकामाची सहकारी संस्था काढली, युनिव्हेन्स. नावाचा अर्थ, 'एकजुटीनं जिंकू'. नेल्सा नेस्पोलो ही शिवणकाम करणारी बाई त्यात पुढे होती. काम मिळायचं, पण कापड बाहेरचंच. आपल्यासारखंच!

2004 साली जागतिक सामाजिक मंचाचा मेळावा आपल्या मुंबईत, गोरेगावला भरला होता. पुढच्या वर्षी तो पोर्तो अलेग्रेला होता. तिथे येणाऱ्यांसाठी सुमारे 60 हजार पिशव्या हव्या होत्या. एका संस्थेच्या आवाक्यातलं हे काम नव्हतं. मग वेगवेगळ्या राज्यांतल्या सूत, कापड आणि शिवणकामाच्या गटांनी ते वाटून घेतलं. काम वेळेत झालं आणि सगळ्यांना वाटलं, हे पिशव्यांपुरतंच का ठेवायचं?

त्यातून 'जुस्ता त्रामा' उभी राहिली, म्हणजे 'न्याय्य वीण'. सिआरा हा ब्राझीलचा दुष्काळी भाग. बोंडं पोखरणाऱ्या किडीनं तिथली कपाशी एकेकाळी बुडाली होती. हे दुखणं आपल्या विदर्भ-मराठवाड्याला सांगायला नको. तिथले छोटे शेतकरी विषारी फवारणीशिवाय कापूस पिकवू लागले. सूत आणि कापड मिनास जेराइस राज्यातल्या कामगारांच्या सहकारी संस्थेत, शिलाई युनिव्हेन्समध्ये आणि बटणं रोंडोनियाच्या जंगलातल्या बियांची!

पिकवणाऱ्यापासून शिवणारीपर्यंत सगळ्यांचे प्रतिनिधी एकत्र बसून दर ठरवतात. कापूसवाल्याला बाजारापेक्षा जास्त भाव मिळतो, कारण मधले दलाल गळाले.

हे सोपं नाही हं. कापूस वेचला की शेतकऱ्याला पैसे लगेच लागतात, सदरा मात्र कित्येक महिन्यांनी विकला जातो. एका गटानं उशीर केला की पुढच्या सगळ्यांची मशीन थांबतात. म्हणून अशा साखळीत विश्वासाइतकीच चोख वहीही लागते.

ते हजारो किलोमीटरवरून एकमेकांना धरून आहेत. आपल्याला तर शेजारच्या गावच्या गटात कोण काय करतं, हेही माहीत नसतं.

तेव्हा येत्या बैठकीत एवढंच करा. कापड, दोरा, बटणं, काजं, इस्त्री यांवर किती पैसे बाहेर जातात ते वहीत लिहा. यातलं काय जवळचा दुसरा गट करू शकेल, तेही त्याच्यासमोर लिहा. आम्हीही लिहायला घेतलंय. मावशींना उत्तर द्यायचंय ना!