खुंटी नसलेले रक्त

भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या ताटात ओवाळणी घालतो. वेळ पडली, तर तो तिला रक्त देऊ शकेल काय? नाशिकच्या गोदाकाठी पणत्या सोडताना हा प्रश्न कोणास सुचणार नाही. पण मुंबईत घडलेली एक हकीकत ऐकली, की तो सुचल्यावाचून राहत नाही.

परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातील डॉ. वाय. एम. भेंडे, देशपांडे व भाटिया ह्यांच्या हाती एक विचित्र रक्त आले. दिसावयास ‘ओ’ गटाचे. पण ‘ओ’शीही त्याचे पटेना! तपासणीत चूक झाली असे म्हणून त्यांनी नळी धुऊन टाकली नाही. लंडनच्या तज्ज्ञांसह त्यांनी १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये हा शोध छापला. त्या रक्तास शहराचेच नाव मिळाले: ‘बॉम्बे’ गट.

मर्म असे. रक्तपेशीवर ‘एच’ नावाची साखरेची खुंटी असते. तिच्यावर ‘ए’ किंवा ‘बी’ टोपी चढते. ‘ओ’ गटात खुंटी रिकामीच असते. बॉम्बे गटात खुंटीच नाही! ती ठोकणारे प्रथिन निकामी असते.

त्या प्रथिनाचा आराखडा, म्हणजे जनुक, शोधावा कसा? अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात जॉन लोव व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचा डीएनए उंदराच्या पेशींत घातला. ह्या पेशींवर एरवी खुंटी नसते. ज्या थोड्या पेशींवर ती उगवली, त्या वेचून त्यांनी आतला मानवी तुकडा हुडकला. १९९० साली जनुक हाती आले. प्रथिन ३६५ दुव्यांचे निघाले. पुढे १९९७ साली भारतीय बॉम्बे गटातील दोषही सापडला: ७२५ व्या जागी एक अक्षर बदललेले. बस्स, एवढेच!

ह्या एका अक्षरापायी अशा माणसास केवळ बॉम्बे गटाचेच रक्त चालते. आणि भारतात अशी माणसे सुमारे १०,००० त एक. परंतु हा दोष आई व बाप दोघांकडून यावा लागतो. मामाची मुलगी करण्याच्या चालीत म्हणूनच त्याची शक्यता वाढते. मात्र त्याच कारणाने सख्ख्या भावंडाचे रक्त जुळण्याचा संभव साधारणतः चारांत एक असतो. दहा हजारांत जे मिळत नाही, ते घरातल्या चौघांत सापडू शकते!

तेव्हा घरात कोणाचा गट बॉम्बे निघाला, तर भावंडांनी आपलेही रक्त तपासून घ्यावे. एखाद्या भावाची ओवाळणी त्याच्या नसांतूनच वाहत असेल.