ठाणे स्टेशन, नौपाडा आणि उंच इमारती

ठाण्यात घराचे अंतर कोणी किलोमीटरमध्ये सांगत नाही, मिनिटांत सांगतात. "स्टेशनपासून चालत सात मिनिटे" म्हटले की समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर एक वेगळाच आदर दिसतो. लग्ने जमवतानासुद्धा हे वाक्य उपयोगी पडलेले मी पाहिले आहे! १६ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ठाण्याच्या वर्तुळाकार मेट्रोला मंजुरी दिली. २९ किलोमीटर, २२ स्थानके, त्यांतली दोन जमिनीखाली, एक रेल्वे स्टेशनाला जोडलेले. तेव्हापासून आमच्या नौपाड्यात दुसरा विषयच नाही. जुन्या इमारती पाडून स्टेशनजवळ वीस-पंचवीस मजले उठू द्यावेत की नाही? परदेशातली भाचरंही फोनवर विचारतात, "मावशी, तुमच्या सोसायटीचं काय ठरलं?" दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, कारण त्याची सुरुवात फार मागे आहे. म्हणून हा लेख.

१६ एप्रिल १८५३ ची गोष्ट शाळेत मी इतक्या वर्गांना सांगितली आहे की झोपेतही सांगेन. बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, एकवीस तोफांची सलामी, आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिने. मुलांना इंजिनांची नावे फार आवडत. पण पुस्तकात एक गोष्ट नसते. आगगाडी आली तेव्हा ठाणे स्टेशनाभोवती वसलेले गाव नव्हतेच. गाव होते खाडीकडे आणि किल्ल्याकडे पाहणारे. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ त मराठ्यांकडे आलेला आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतलेला तो किल्ला, आताचा तुरुंग. कौपिनेश्वर, मासुंदा तलाव, जांभळी नाका, बाजारपेठ... जुन्या ठाण्याचा जीव तिकडे होता. स्टेशन गावाच्या कडेला पडले आणि मग गाव हळूहळू वळून त्याच्याकडे तोंड करून बसले. पुढच्याच वर्षी, १८५४ त, रेल्वे कल्याणपर्यंत गेली आणि ठाणे शेवटचे स्टेशन राहिले नाही.

तरीही पुढची सत्तर वर्षे नौपाडा म्हणजे वाड्या, आंब्या-फणसाची झाडे, विहिरी आणि बैठी कौलारू घरे. खरा बदल विजेच्या गाडीने केला. १९२५ त पहिली विजेची गाडी बोरीबंदर ते कुर्ला धावली आणि दशक संपेपर्यंत वीज आमच्या मार्गावरही आली. सकाळी मुंबईत कचेरी आणि संध्याकाळी ठाण्यात घर हे मध्यमवर्गीयाला रोज जमू लागले. वाडीवाल्यांनी वाडीत चाळी बांधल्या. दोन खोल्या, मागे सामाईक नळ, पुढे गॅलरी.

या चाळींचे पुढे काय झाले ते समजल्याशिवाय आजचे भांडण समजणार नाही. दुसऱ्या महायुद्धात भाडी भडकली, म्हणून सरकारने ती गोठवली. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधले. कायदा तात्पुरता म्हणून आला आणि मुदतवाढीवर मुदतवाढ घेत पन्नास वर्षे टिकला. २००० साली नवा कायदा लागू झाला तेव्हा कुठे दरसाल चार टक्के वाढ मिळू लागली. पण कशावर चार टक्के? महिना पंधरा-वीस रुपये भाडे असलेल्या खोलीवर! मालक म्हणे, या पैशात चुना लावायचा की मुकादमाचा चहा करायचा? भाडेकरू म्हणे, पागडी देऊन आलो आहोत, आता जायचे कुठे? दोघांचेही खरे होते. मधल्या मध्ये इमारत म्हातारी होत गेली. कोणाला वाईट ठरवून हा इतिहास सांगता येत नाही, आणि मला ते बरे वाटते.

दुसरा प्रकार सहकारी सोसायट्यांचा. १९१५ त मुंबईला गावदेवीत सारस्वत मंडळींनी पहिली गृहनिर्माण सोसायटी उभी केली, त्याच वाटेने पुढे नौपाड्यातही कारकून, शिक्षक, पोस्टातले, रेल्वेतले लोक एकत्र आले. १९६२ त वागळे इस्टेट सुरू झाली, कारखान्यांत नोकऱ्या आल्या. १९६३ त मालकीच्या सदनिकांचा कायदा आला. वाड्या तुकड्या-तुकड्यांनी विकल्या गेल्या आणि तळमजला अधिक तीन अशा इमारती रांगेने उभ्या राहिल्या. तीनच मजले का? लिफ्ट परवडत नव्हती, जमिनीच्या क्षेत्रफळाइतकेच बांधकाम करता येई, आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली येऊन ८.०२ पकडणे तरुण पायांना जड नव्हते. ते पाय आता सत्तरीत आहेत.

आम्ही १९७४ त अशाच एका इमारतीत राहायला आलो. खाली पारिजातक, मागे विहीर, समोर सहा मीटरची गल्ली. ती गल्ली ज्याने आखली त्याच्या डोळ्यासमोर टांगा होता. फार तर मालाची एखादी गाडी. मला वाटते साऱ्या वादाची किल्ली या सहा मीटरमध्ये आहे. इमारतीच्या उंचीबद्दल सगळे बोलतात, गल्लीच्या रुंदीबद्दल कोणी नाही.

उंच इमारती ठाण्यात आल्या त्या आधी स्टेशनजवळ नव्हे, लांब. १९८२ त महानगरपालिका झाली, घोडबंदर रस्त्यावरची गावे शहरात आली. तिथे मोठमोठे भूखंड होते, भाडेकरू नव्हते, शंभर सह्या गोळा करायच्या नव्हत्या. कारखाने बंद पडले तशा त्यांच्या जमिनीही मोकळ्या झाल्या. पोखरण रस्त्यावर जिथे रेमंडचे कापड निघे तिथे आता मनोरे आहेत. म्हणजे गंमत पाहा. हजारो कुटुंबे स्टेशनपासून आठ-दहा किलोमीटरवर विसाव्या मजल्यावर, आणि स्टेशनाच्या पायथ्याशी आम्ही तीन मजल्यांत. घोडबंदरची माझी एक जुनी विद्यार्थिनी सकाळी बससाठी रांग लावते, मग गर्दीतून स्टेशन गाठते, मग लोकल. ती मला एकदा म्हणाली, "बाई, तुम्ही पारिजातक वाचवा, आम्ही वाचवतो तुमच्यासाठी रस्त्यावर दोन तास." थोडे लागले, पण तिला मुद्देसूद बोलायला मीच शिकवले होते.

२०१७ च्या राष्ट्रीय धोरणानेही जवळजवळ हेच सांगितले: स्थानकापासून चालत जाता येईल अशा पाचशे-आठशे मीटरच्या पट्ट्यात जास्त लोक राहावेत, म्हणजे मोटारी कमी लागतील. वाचायला अगदी पटते. पण हे सूत्र कोऱ्या कागदावर बसते. आमचा कागद दीडशे वर्षे लिहिलेला आहे.

नियमांनी तर गंमतच केली. जादा बांधकामाचा हक्क, ज्याला सगळे टीडीआर म्हणतात, तो जानेवारी २०१६ च्या नव्या धोरणाने रस्त्याच्या रुंदीशी बांधला. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्ता असेल तर टीडीआर नाही. नियम चुकीचा नव्हे; अग्निशमनाची मोठी गाडी सहा मीटरच्या गल्लीत, तेही दोन्ही बाजूंना मोटारी लावलेल्या असताना, वळणार कशी? पण जुन्या ठाण्यातल्या निम्म्या गल्ल्यांचे पुनर्विकासाचे कागद यामुळे कपाटात गेले. मग उपाय सुचवला गेला की दोन्ही बाजूंच्या सोसायट्यांनी दीड-दीड मीटर जागा सोडावी, सहाचे नऊ होतील. गणित तिसरीतल्या मुलाचे. पण गल्लीत चौदा इमारती असतील तर चौदा सर्वसाधारण सभा! एकाने नकार दिला की रस्त्याला गाठ पडते. (गेल्या शतकाच्या अखेरीस आयुक्त टी. चंद्रशेखर यांनी स्टेशनरोड आणि इतर रस्ते रुंद केले तेव्हा लोक आधी रडले आणि नंतर त्यांचेच नाव घेऊ लागले, हेही आठवते.)

आता लोक काय म्हणतात ते. तळमजल्यावरच्यांना बाग जाणार याचे दुःख. दुकानदाराला तीन वर्षे गिऱ्हाईक तुटण्याची धास्ती. ज्यांची मुले पुण्याला किंवा परदेशी, त्यांना कॉर्पस किती मिळेल यात रस. निवृत्त लोकांचा प्रश्न वेगळाच: आज महिना बाराशे रुपये देखभाल, उद्या लिफ्ट, जनरेटर, पंप, पहारेकरी यांचे आठ हजार आले तर पेन्शनमधून कसे भरायचे? मला हा प्रश्न सर्वांत खरा वाटतो आणि बिल्डरच्या चकचकीत पुस्तिकेत तोच नसतो. पाण्याचीही काळजी आहे. ठाण्याचे पाणी भातसा आणि उल्हास नदीवरून येते, काही मुंबई महापालिका देते. बारा कुटुंबांच्या जागी साठ आली म्हणून नदी रुंद होत नाही.

आणि दुसऱ्या पारड्यात बी केबिन आहे. रेल्वेच्या सिग्नल केबिनवरून ज्या भागाला नाव पडले, तिथली तीन मजली कृष्णा निवास इमारत ४ ऑगस्ट २०१५ च्या मध्यरात्रीनंतर कोसळली. बारा माणसे गेली. वय साधारण पन्नास वर्षे, म्हणजे आमच्या इमारतीच्याच पिढीची. त्याआधी ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत पडून ७४ माणसे गेली होती. त्या दोन घटनांनी क्लस्टर योजनेला जोर आला आणि जून २०२३ मध्ये किसननगरला तिचे भूमिपूजन झाले. पण किसननगर आणि नौपाडा यांत फरक आहे. तिथे बऱ्याच इमारतींना कागदच नाहीत. आमच्याकडे कागद आहेत, पण तेही पुरे नाहीत: इमारत सोसायटीची, जमीन अजून वाडीवाल्याच्या वारसांच्या नावावर! २००८ त कायदा बदलून मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. (हा शब्द मी मराठीची शिक्षिका असूनही तीन वेळा वाचला तेव्हा समजला.) आम्हाला ते मिळवायला सहा वर्षे लागली.

संमतीचा नियमही बदलला. ३ जानेवारी २००९ च्या निर्देशांप्रमाणे सभेतले तीन चतुर्थांश सभासद लागत; ४ जुलै २०१९ पासून एकूण सभासदांपैकी ५१ टक्के पुरतात. काम वेगाने होते हे खरे. पण बारा घरांत सात विरुद्ध पाच असा निर्णय घेऊन त्याच जिन्यावरून रोज चढायचे-उतरायचे असते, हे नियम करणाऱ्याने पाहिलेले नसते. सातांचे पटवून दहा होईपर्यंत थांबावे असे माझे मत. सभेत मी तसे बोलले, काहींना आवडले नाही. असो.

माझे मत विचाराल तर स्टेशनजवळ उंच इमारती व्हाव्यात. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे काका पावणेदोन वर्षे रस्त्यावर उतरलेले नाहीत. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये आम्हाला सी-२ शेरा मिळाला आहे, म्हणजे मोठी दुरुस्ती हवी, आणि त्या खर्चात लिफ्ट येत नाही. ज्यांना पारिजातकाची हळहळ वाटते त्यांत मीही आहे, पण पारिजातकासाठी माणूस तिसऱ्या मजल्यावर कोंडून ठेवता येत नाही. मात्र आधी गल्ली, मग इमारत. नऊ मीटर प्रत्यक्ष जमिनीवर मोजून मिळेपर्यंत एकही इमारत पाडायला द्यायची नाही, अशी अट चौदाही सोसायट्यांनी मिळून घालावी, असे पत्र आम्ही चौघींनी तयार केले आहे. देखभालखर्चासाठी कॉर्पसचा ठरावीक भाग सोसायटीच्या नावे मुदत ठेवीत राहावा, सभासदांच्या खिशात नव्हे, ही दुसरी अट. पहिल्या अटीवर आतापर्यंत नऊ सोसायट्यांच्या सह्या आल्या आहेत. दुसरीवर फक्त तीन.

राहिलेल्या पाचांपैकी दोन सोसायट्यांचे सचिव माझे विद्यार्थी होते. रविवारी सकाळी त्यांच्याकडे जाणार आहे.