दिवाळी आणि दिवाळे

पेढी बुडाली की पेढीवाला भरदिवसा दारात दिवा लावी, त्यावरून ‘दिवाळे’ हा शब्द आला, असे सांगतात. असले दिवे आमच्या वऱ्हाडाने पुष्कळ पाहिले. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेव्हा अमरावती-अकोल्याच्या कापसाला सोन्याचे मोल आले. युद्ध संपताच भाव कोसळले. १९३० नंतरच्या मंदीत तेच पुन्हा घडले.

त्या मंदीत अकोल्याला आमच्या पणजोबांच्या घरी जप्ती आली. नवऱ्याच्या कर्जापायी बायकोच्या स्त्रीधनाला सावकाराचा हात लागत नाही. शिवाय १९०८ च्या दिवाणी संहितेचे साठावे कलम स्वयंपाकाची भांडी, अंथरूण आणि धर्मरूढीप्रमाणे बाईला अंगावेगळा करता येत नाही असा दागिना जप्तीतून वगळते. पणजीचे मंगळसूत्र राहिले. पाटल्याही माहेरच्या म्हणून राहिल्या.

त्या पाटल्या तिने रात्री आपण होऊन पणजोबांपुढे ठेवल्या. दुष्काळात, आजारात किंवा बंदिवासात नवऱ्याने घेतलेले स्त्रीधन त्याने परत केलेच पाहिजे असे नाही, हे याज्ञवल्क्याचे वचन पणजोबांना ठाऊक होते. तरी त्यांनी नव्या वहीत पहिले देणे पणजीच्या नावे मांडले.

बाकी साऱ्यांचे फिटले. तिचे तेवढे राहिले. लक्ष्मीपूजनाला आम्ही अजून तीच वही पाटावर मांडतो.