रानपिंगळा

रानपिंगळा : मध्य व पश्चिम भारतातील वनांपुरता मर्यादित असलेला एक प्रदेशनिष्ठ पक्षी. याचा समावेश स्ट्रिजिडी कुलात होतो. शास्त्रीय नाव अथीनी ब्लेविटाय. होमरस हे मोठे पुच्छपंखी फुलपाखरू जसे जमेका बेटाबाहेर आढळत नाही, तसा हा पक्षी भारताबाहेर आढळत नाही. शेतजमिनींनी वेढलेली सागाची राने हीच त्याची बेटे होत.

लांबी सु. २३ सेंमी. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात. याच्या डोक्यावर ते अगदी अस्पष्ट असतात. छाती गर्द तपकिरी, पोट पांढरे, पाय दणकट व पिसांनी झाकलेले असतात. तो दिवसाही शिकार करतो. सरडे, उंदीर, लहान पक्षी व कीटक हे त्याचे भक्ष्य होय.

एफ. आर. ब्लेविट यांनी १८७२ मध्ये सध्याच्या छत्तीसगढमधील फुलझर भागात मिळविलेल्या नमुन्यावरून ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये या जातीचे वर्णन केले. १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात अखेरचे नमुने गोळा केले. पुढे शंभरांहून अधिक वर्षे हा पक्षी निश्चितपणे कोणासही दिसला नाही. रिचर्ड माइनर्ट्‌सहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे तो मिळविल्याचा दावा केला होता. परंतु तो नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला व नव्याने पेंढा भरलेला डेव्हिडसन यांचाच नमुना असल्याचे पॅमेला रासमुसेन यांनी उघडकीस आणले. खोट्या नोंदीमुळे शोधाची दिशाच चुकली होती. अस्सल नमुन्यांची स्थळे तेवढी प्रमाण मानून त्यांनी बेन किंग व डेव्हिड ॲबट यांच्यासह शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ हा पक्षी पुन्हा आढळला.

त्यानंतरच्या पाहण्यांत तो अमरावती जिल्ह्यातील मेळघाटातही आढळला. मेळघाट व्याघ्रप्रकल्प १९७४ पासून संरक्षित आहे. त्यातील नरनाळा अभयारण्य अकोला जिल्ह्यात मोडते. म्हणजे पक्षी नामशेष झाला असे समजले जात असताना वऱ्हाडातील वाघासाठी राखलेल्या रानात तो टिकून होता. २०१४ मध्ये तानसा अभयारण्यातही त्याची नोंद झाली.

वृक्षतोड, वणवे, शेतीसाठी होणारे अतिक्रमण आणि घुबडांविषयीच्या अंधश्रद्धा यांमुळे त्यास धोका आहे. घरट्यासाठी त्याला जुन्या झाडांच्या ढोली लागतात. त्यामुळे अशी झाडे राखणे हेच त्याच्या संरक्षणाचे मुख्य साधन होय.