रोमन तळ्यांतील मुरीना



कांचेच्या पेटींत रंगीबेरंगी मासे पाळणें हा आज एक निरुपद्रवी छंद समजला जातो. परंतु समुद्राचें खारें पाणी अडवून त्यांत हिंस्र मासा हौसेनें बाळगण्याची चाल दोन हजार वर्षांची जुनी आहे, आणि तिचा इतिहास मात्र तितकासा निरुपद्रवी नाहीं.

हा मासा म्हणजे भूमध्य समुद्रांतील मुरीना. आपल्या कोकण किनाऱ्यावरील वामेशीं तिचें दूरचें नातें आहे. सर्पासारखें लांब अंग, तीक्ष्ण दांत आणि खडकांच्या कपारींत दबा धरून बसण्याची संवय ! तिच्या जातीला घशांत जबड्यांची दुसरी जोडी असते व तिच्या साहाय्यानें ती भक्ष्य आंत ओढते, हें शास्त्रज्ञांना २००७ सालीं उमगलें. पण तिचा स्वभाव रोमन लोक पुरता ओळखून होते. कोलुमेला हा कृषिशास्त्रज्ञ बजावतो कीं, मुरीना इतर माशांत ठेवूं नये. ती खवळली तर सर्वांचा फडशा पाडते.

खाऱ्या पाण्याचें तळें राखणें हें सोपें काम नव्हे. पाणी सांचून राहिलें तर मासे गुदमरतात. म्हणून नेपल्सच्या परिसरांत ज्वालामुखीची राख मिसळलेल्या, पाण्यांतहि घट्ट होणाऱ्या चुन्यानें भिंती बांधीत. समुद्राकडे पाट ठेवून त्यांच्या तोंडाशीं बारीक छिद्रांच्या जाळ्या बसवीत. पाणी खेळावें, पण मासा निसटूं नये ! ल्युकुलसानें तर तळ्यांत समुद्र आणण्यासाठीं डोंगर फोडला.

या हौसेपुढें व्यवहार राहिला नाहीं. व्हारो म्हणतो कीं, खारीं तळीं धन्याची थैली भरण्याऐवजीं रिकामीच करतात. हिरिअसानें सीझरच्या विजयभोजनांसाठीं हजारों मुरीना उसन्या दिल्या. पुढें त्याचा साधासा वाडा केवळ तळ्यांमुळें ४० लक्ष सेस्टर्सना विकला गेला. ड्रुससची पत्नी अँटोनिया हिनें लाडक्या मुरीनेस कर्णभूषणें घातलीं. वक्ता क्रासस हा आपली मुरीना मेली तेव्हां रडला. डोमिशिअसानें त्यावरून हिणवतांच तो उत्तरला, "तुम्ही तीन बायका पुरल्या, पण एक अश्रूहि ढाळला नाहीं !" सिसरोला या थट्टेंत राष्ट्राचें दुखणें दिसत होतें. हातचा घास खाणारे मासे मिळाले म्हणजे स्वर्ग लाभला असें मानणाऱ्या पुढाऱ्यांना राज्य बुडालें तरी चिंता नाहीं, असा त्याच्या ख्रिस्तपूर्व ६० मधील पत्राचा आशय आहे.

या वेडाची परिसीमा व्हेडिअस पोलिओ यानें केली. दास्यमुक्त माणसाच्या पोटीं जन्मूनहि तो दासांना मुरीनांच्या तळ्यांत टाकी. एकदां सम्राट ऑगस्टस त्याच्याकडे भोजनास आला असतां एका दासाच्या हातून स्फटिकाचा पेला फुटला. पोलिओनें शिक्षा फर्मावली. तो पोरगा सम्राटाच्या पायांवर पडला. त्यानें प्राणदान मागितलें नाहीं. फक्त दुसऱ्या रीतीनें मरण मागितलें. ऑगस्टसानें त्याला मुक्त केलें, उरलेले सर्व पेले समोर फोडविले आणि तें तळें बुजविण्याची आज्ञा दिली.

पोलिओ ख्रिस्तपूर्व १५ मध्यें मेला. त्याच्या त्या वाड्याचें नांव होतें पाउसिलिपोन, म्हणजे दुःखाचा विसांवा !

तथापि एक गोष्ट विसरतां येत नाहीं. सम्राटानें तळें बुजविलें, पण धन्याचा अधिकार तसाच राहिला. स्वतःच्या दासाला विनाकारण मारणारा धनी परक्याच्या दासास मारणाऱ्याइतकाच दोषी, असा निर्बंध अंटोनिनस पायस यानें केला तेव्हां दीड शतक उलटून गेलें होतें. मुरीना पोटासाठीं लचके तोडते. तो तिचा धर्मच आहे. तिच्या तोंडीं कोणास द्यावें हें ठरविणारा मात्र तळ्याच्या कांठावर, भोजनाच्या पंक्तीस बसलेला असतो.